हाच जन्म, आहे तसा

ज्याला आजच कुणीतरी सांगितलंय की तुमच्या किडन्या गेल्या, त्याच्यासाठी हे लिहितेय. धीर देणारी वाक्यं हवी असतील तर दवाखान्याच्या भिंतीवर आहेत, सूर्यफुलांच्या चित्राखाली छापलेली. ती वाचून मला कधी बरं वाटलं नाही. राग आला की मात्र बरं वाटायचं. अजूनही वाटतं.

माझं नाव सारिका. घाटनांदूरजवळ आमची वस्ती. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. बाहेरून बी.ए. केलं आणि पत्रकं काढायला लागले. गायरानावर कुणी कुंपण घातलं, पत्रक. मुलींच्या शाळेच्या वेळेला एसटी येत नाही, पत्रक. बाजाराच्या दिवशी उभी राहून वाटायची. लोक त्यात भजी बांधून न्यायचे. भजी संपली की खालचं वाचत असतील, अशी माझी समजूत होती.

कोर्स किती दिवसांचा?

आधी पाय सुजले. चपलेचा पट्टा काढला की त्याची चाकोरी पायावर तशीच राहायची. आई म्हणाली, "गावोगाव हिंडतीस, दुसरं काय हुणार." मग सकाळी उलट्या सुरू झाल्या. बिनलग्नाच्या पोरीला सकाळी उलट्या म्हटल्यावर वस्तीतल्या बायकांनी आपापलं गणित मांडलं आणि उत्तरही काढून ठेवलं. एक जण आईला विचारायलाच आली, "कितवा चालूय?" आईनं तिला जे सांगितलं ते इथं छापता येणार नाही. त्या दिवशी मला आईचा लई अभिमान वाटला.

मोठ्या दवाखान्यात माझ्यासोबत दादा होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. म्हणाला, दोन्ही किडन्या आकसल्यात, कधीपासून ते सांगता येणार नाही.

मी विचारलं, "मग कोर्स किती दिवसांचा?"

"कोर्स नाही. आठवड्यातून तीनदा मशीन. हे आता असंच."

दादा म्हणाले, "असंच म्हंजे कवरोक, सायेब?"

"असंच."

बदलायला किडनी मिळाली तर गोष्ट वेगळी, असंही तो म्हणाला. पण आईला साखरेचा आजार, दादांचा रक्तगट जुळेना. माझं नाव रांगेत लावलंय. रांग आहे तिथेच आहे.

बाहेर येऊन दादा बराच वेळ पटका सोडून परत बांधत बसले. मग म्हणाले, "मेंढराला रोज पाण्यावर न्यावं लागतं. कटाळा करून भागतंय का? हे तर आठवड्यातून तीनदाच हाय." माझ्या आजारात मला मिळालेला पहिला उपयोगी सल्ला हा होता. डॉक्टरचा दुसरा.

तहान

मशीनला लोक उगाच घाबरतात. सुई लागते, रक्त जातं, धुऊन परत येतं, तुम्ही छताकडे बघता. छळ असतो तो तहानेचा. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून पाणी मोजून प्यायचं. मराठवाड्यात पाण्याचं रेशन कुणाला नवं आहे? पण घरात भरलेला माठ असताना घोट मोजायचे, हे आमच्या टँकरवाल्यानंही कधी केलं नव्हतं.

बर्फाचा खडा तोंडात धरा. लिंबाची फोड चोखा. घरातल्यांना सांगा, समोर घटाघटा पाणी पिऊ नका. आमच्या घरी सगळे माझ्या मागं जाऊन प्यायला लागले. मी वळले की तांब्या लपवायचे. शेवटी मी ओरडले, "चोऱ्या कावून करताय? प्या समोर." मग सगळे समोर प्यायला लागले आणि मला त्याचाही राग आला. आजारी माणसाचा राग घरानं सोसावा, पण कुठला राग बरोबर हे विचारू नये.

हातातलं मोहोळ

सुरुवातीला मानेत नळी घालतात. मग हातातली शीर धमनीला जोडतात, म्हणजे ती जाड होते आणि मशीनची सुई तिथे लागते. तिला फिस्टुला म्हणतात. माझ्या डाव्या हाताला केला. बरा झाल्यावर सिस्टर म्हणाली, "कानाला लावून बघ."

लावला. आत घूंऽऽ असा आवाज येत होता, झाडावर आग्यामोहोळ असावं तसा. मी घरी जाऊन सगळ्यांच्या कानाला हात लावत सुटले. आई दचकली, मग हसली, मग परत कान लावला. रोज झोपायच्या आधी ती ऐकायची. "हाय गं, हाय," म्हणायची आणि दिवा मालवायची.

हा आवाज म्हणजे तुमचा जीव. त्या हाताला बांगडी, घड्याळ, काहीही आवळून घालायचं नाही. त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. हे सिस्टरनं मला आणि दादांना सांगितलं. आई त्या दिवशी मेंढरांमागे होती.

चाचांचा सवाल

माझ्या शेजारच्या खुर्चीवर हमीदचाचा असायचे, एसटीतले रिटायर कंडक्टर. जवळजवळ आख्खी नोकरी एकाच रूटवर गेलेली. मशीनला गाडी म्हणायचे, आणि सुई लागली की खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. समोर दिंद्रुडची मंगलताई. आजार कळल्यावर नवऱ्यानं तिला आणि पोरीला माहेरी आणून सोडलेलं. "चार दिस ऱ्हा" म्हणून गेला तो गेलाच.

एकदा माझी आत्या भेटायला आली. केळी घेऊन आली, जी आम्हाला चालत नाहीत. मशीनकडे बघून तिनं पदर तोंडाला लावला. "मागल्या जन्माचा भोग असतो बाई. ह्या जन्मी भोगून सपला की पुढला जन्म चांगला भेटतो."

मी म्हटलं, "आत्या, मागल्या जन्मी मी काय केलं? आधी आरोप वाचून दाखवा, मग शिक्षा सांगा."

"हिची जीभ तेवढी आजारी पडली न्हाई," आत्या म्हणाली आणि केळी परत घेऊन गेली.

चाचा इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "तुमच्यात बरंय बेटा. एक गाडी चुकली तर मागून दुसरी. आमच्यात एकच गाडी." थोड्या वेळानं डोळे उघडले. "पण समज, मागून दुसरी न्हाईच. हीच परत येणार. जिथून सुटली तिथूनच सुटणार. हीच माय, हाच बाप, हीच सुई, बाजूला हाच म्हातारा बडबडणार. काडीचा फरक न्हाई. आन एकदा न्हाई, कायम. सपली की परत पहिल्यापासून. बसशील का?"

मंगलताई तिकडून म्हणाली, "मी न्हाई बसायची."

"अगं पोरगी भेटली तुला त्या गाडीत."

"पोरीसाठी एकडाव बसले, चाचा. परत परत त्या माणसाच्या बाजूच्या सीटवर कोण बसंल?"

कुणी हसलं नाही. तिचं उत्तर मला तेव्हाही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"मी बसतो बुवा," चाचा म्हणाले. "तोच रूट, तेच खड्डे. फक्त सुट्ट्याची भांडणं नकोत."

"फरक करायचा न्हाई म्हणलात की," मी म्हटलं.

"मग भांडू. त्यातबी मजा होती. तू बोल."

"मी निवेदन देणार. मागण्या मंजूर झाल्या तर बसते, नसता उपोषण."

सिस्टरसुद्धा हसली. पण परतीच्या गाडीत तो सवाल डोक्यातून जाईना. मला त्याचा रागच आला होता, कारण ज्या शब्दाशी मी पत्रकांतून भांडत आले तो शब्दच चाचांनी काढून घेतला होता: पुढचा. पुढच्या बजेटमध्ये रस्ता. पुढच्या सत्रात एसटी. पुढच्या जन्मात चांगली किडनी. आमच्या भागाला सगळ्यांनी पुढच्याच वायद्यावर ठेवलंय. आणि चाचा म्हणत होते, पुढचा काही नाहीच, हाच परत. मग जो खड्डा आज बुजला नाही तो कायमचा खड्डा. ज्या बैठकीत मी गप्प बसले, तिथे मी दरवेळी गप्पच बसणार. सगळा निकाल इथेच लागणार, याच फेरीत.

सूत

त्यानंतर वटपौर्णिमा आली. आमच्या मुलींच्या गटाचं तेव्हाचं पत्रक होतं: 'सात जन्म कुणी मागितले?' नवऱ्यासाठी उपास बाईनंच का करायचा, बाईसाठी कुणी कुठल्या झाडाला फेऱ्या मारल्या, असं सगळं त्यात होतं. आईला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "तू तुझं वाट, मी माझं गुंडाळते." दादा म्हणाले, "मला इचारलं का कुणी? मी अजून कबूल झालो न्हाई. सातबी जन्म मेंढरंच राखायची का?" आईनं त्यांना पळी फेकून मारली.

त्याच दिवशी माझी मशीनची पाळी होती. दुपारी घरी आले ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. बाजेवर पडले आणि झोपले. आई वडावरून आली. हातात उरलेलं सूत होतं. वडाचं आयुष्य पोरीला लागावं म्हणून तिनं ते माझ्या हाताला गुंडाळलं. कुठे गुंडाळलं? जिथे सुया लागतात तिथे, कारण तिथेच त्याची जास्त गरज. सात वेढे. आणि झोपेत सुटू नये म्हणून आवळून गाठ मारली. मी कूस बदलली आणि त्याच हातावर डोकं टेकलं.

दिवस कलताना जाग आली. सवयीनं हात कानाला लावला. मोहोळ उठून गेलं होतं.

दवाखान्यात प्रयत्न झाले, पण शीर आतून गोठली होती. परत मानेत नळी. सर्जन म्हणाले, उजव्या हाताला नवा करू, परत पहिल्यापासून. आई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. पांढऱ्या सुतासारख्या सुतानं माणसाचा हात मरतो, हे तिला पटत नव्हतं, आणि पटलं तेव्हा तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

मी नाही म्हटलं

परत पहिल्यापासून, हे शब्द मला सोसले नाहीत. मी घरी आले आणि म्हटलं, बास. ऑपरेशन नको, मशीन नको. मशीनची एक पाळी चुकली, मग दुसरी चुकली. चाचांचा फोन आला. "बेटा, सीट खाली जातीय. रुमाल टाकून ठिवलाय मी, पण किती येळ थांबवू?"

यात शौर्य काही नव्हतं, हे नीट वाचा. मशीन बंद केलं की शांत मरण येतं, असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. आडवं झालं की श्वास अडकतो. बसून झोपावं लागतं. तोंडाला लोखंडाची चव येते. मी बाजेवर उशांना टेकून बसायची आणि वाड्यातली मेंढरं बघायची. मेंढरांचा मला हेवा वाटायचा.

आत्या परत आली. मला झोप लागलीय समजून बाहेर आईजवळ बसली. म्हणाली, "मायनंच पोरीचा हात बांधला म्हणत्यात लोक."

आई म्हणाली, "खरंच हाय की." मग म्हणाली, "मी वडाला न्हाई जायची आता कदी. लगीन झाल्यापासून सात जन्म हेच दे म्हणत आले. ह्यांना मागितलं की हे घर आलं, हे घर आलं की ही पोर आली. मंजी हिला सात डाव त्या मशीनवर मीच बशिवलं. आता न्हाई मागायची. हिला दुसरी माय भेटू दे."

मी उशीला टेकून हे ऐकलं आणि मला असा संताप आला की श्वास अडकलेला असूनही मी उठून बसले.

दुसरी माय? उलटी ऐकून आलेल्या बाईला उंबऱ्यातून हाकलणारी, कान लावून "हाय गं, हाय" म्हणणारी माय मी बदलून घ्यायची? कुणाला विचारून? चाचांचा सवाल परत समोर आला, पण या वेळी त्यात मी एकटी नव्हते. हीच गाडी परत येणार असेल आणि मी इथे, या बाजेवर उतरले, तर आईसाठी ती दरवेळी इथेच थांबणार. प्रत्येक वेळी ती सूत आणणार, प्रत्येक वेळी पोर मरणार, प्रत्येक वेळी आत्या येऊन सांगणार की मायनंच मारलं. संपलं की परत पहिल्यापासून. हे मला मंजूर नव्हतं. सूत तर बांधलं गेलं, ते आता कुणाच्या बापाला सोडवता येत नाही. पण त्याच्यानंतर काय झालं हे अजून ठरायचं होतं, आणि ते ठरवायला मीच उरले होते.

"आई," मी हाक मारली. "गाडी बघ."

"कुठं जायला?"

"मशीनला."

आत्या म्हणाली, "आगं पण तू तर..." आईनं तिला पुरं बोलूच दिलं नाही. जीपवाल्याकडे ती अनवाणीच पळत गेली.

चाचांनी रुमाल खरंच टाकला होता. मला दोघांनी धरून आत आणलं तेव्हा दांड्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "लेट हाय. चालतंय."

उजवा हात

उजव्या हाताला फिस्टुला झाला. तो माझा लिहिता हात. पहिलं पत्रक त्या हातानं लिहिलं ते कोंबडीच्या पायासारखं होतं, छापणाऱ्यानं तीनदा फोन केला. मागणी साधी होती: मशीनवर येणाऱ्या माणसासोबत जे येतात त्यांना बसायला बाक आणि प्यायला पाणी द्या, आणि हाताची काळजी कशी घ्यायची हे घरातल्या सगळ्या बायकांना मराठीत सांगा, फक्त पेशंटला आणि त्याच्या बापाला नाही. बाक आले. दुसरी मागणी सिस्टरनं स्वतःच मान्य करून टाकली. आता नवा पेशंट आला की ती विचारते, "घरी धागेदोरे कोण बांधतं? त्यांना घेऊन या."

मंगलताई अजूनही 'मी न्हाई बसायची' म्हणते, आणि तिची पाळी कधी चुकवत नाही. ज्यांना चाचांचा सवाल नकोसा वाटतो त्यांनी तिच्याकडे बघावं. ज्या माणसानं तिला सोडलं तो तिला सात मिनिटंसुद्धा परत मिळू नये, आणि तिची पोर मात्र रोज मिळावी. माझ्या पत्रकातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही.

पण आई माझ्या उजव्या हाताला हात लावत नव्हती. जेवण वाढताना डाव्या बाजूनं यायची. ऐक म्हटलं तर म्हणायची, "तूच ऐक. मला नगं."

यंदा वटपौर्णिमेच्या सकाळी ती शेळीचं दूध काढत बसली. बायका ताटं घेऊन गेल्या, जाताना एक म्हणाली, "सुमन, रुसलीस व्हय नवऱ्यावर?" आईनं मान वर केली नाही. मी तिचं बोट धरून उठवलं. "चल."

"कुठं?"

"वडाला."

"तू? तुज्या पत्रकाचं काय?"

"पत्रक नवऱ्यासाठी मागण्याच्या विरोधात हाय. तू काय मागायचं ते मी सांगते."

वाटेत ती दोनदा थांबली. वडाखाली बायका बाजूला सरकल्या. काहींना माझं मागच्या वर्षीचं पत्रक आठवत असावं, कारण एकीनं दुसरीला कोपर मारलं. आई सुताची गुंडी धरून उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "काय मागू?"

"हेच."

"सुया बी?"

"सुया बी."

"ती तहान?"

"ती बी. यादीतलं काही खोडायचं न्हाई."

तिनं हातातल्या गुंडीकडे बघितलं. "आन मी बांधलेलं सूत?"

"ते बी," मी म्हटलं. "त्याच्यानंतर मी उठून बसले ते बी त्याच्यातच येतंय. सूत काढलं तर ते बी जातं."

"तू परत उठशील? दर डावाला?"

"दर डावाला."

आईनं सुताचं टोक बुंध्याला लावलं आणि चालायला लागली. ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. तिसऱ्या फेरीला आवाज मोठा झाला. बाकीच्या बायका हळू आवाजात नवरे मागत होत्या आणि आमची आई भांडल्यासारखी, झाडाकडे बघत म्हणत होती, "हीच पोर. हाय तशी. दुसरी दिलीस तर घ्यायची न्हाई मी."

पाळीची वेळ होत आली होती. मी म्हटलं, आई, एसटी येईल. शेवटच्या फेऱ्या तिनं जवळजवळ पळतच मारल्या, सूत तोडलं, उरलेली गुंडी वडाच्या बुडाशी ठेवली आणि हात झटकले.

"चल लवकर," म्हणत तिनं माझा उजवा हात धरला. मग आपण काय धरलंय ते तिच्या लक्षात आलं. तिनं पकड सैल केली, पण हात सोडला नाही. अंगठा शिरेवर ठेवून ती क्षणभर थांबली.

"हाय गं, हाय," ती म्हणाली, आणि आम्ही रस्त्याकडे निघालो.